गाडीतील मूळचा स्टीरिओ आणि काटकसरीने केलेली त्याची सुधारणा

संघाच्या स्मरणिकेत आजवर आमच्या नावाने जे काही छापून आले ते जाहिरातीच्या पानावर. दुकानाचे नाव, यार्डातील गाळ्याचा क्रमांक आणि 'सर्व प्रकारच्या धान्याचे घाऊक व्यापारी' एवढीच आमची साहित्यसेवा. यंदा संपादक मंडळाने 'सभासदांस उपयोगी पडेल असे काही लिहून द्या' अशी आज्ञा केली, तेव्हा आम्ही विचारात पडलो. धान्याच्या भावावर लिहावे, तर स्मरणिका छापून होईतो भाव शिळा होतो. करांविषयी लिहावे, तर त्या विषयाचे अधिकारी पुरुष संघात पुष्कळ आहेत. शेवटी जो विषय गेल्या वर्षी आम्ही स्वतः पदरमोड करून शिकलो, तोच वाचकांपुढे ठेवावा असे ठरविले. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा शास्त्रीय भाग जेवढा आम्हांस समजला तेवढाच येथे दिला आहे.

विषय तसा लहान दिसतो. परंतु आपल्यापैकी अनेकांचा बराच वेळ मोटारीत जातो. आज कोल्हापूर, उद्या हुबळी, परवा सांगली. बेळगावहून कोणत्याही पेठेस जावयाचे म्हटले की जाऊन येऊन चार-सहा तास गाडीतच निघतात. त्या वेळात कोणी भावगीते ऐकतो, कोणी बातम्या, कोणी प्रवचन. गाडीबरोबर आलेल्या स्टीरिओचा आवाज मनासारखा नसला की मनुष्य दोहोंपैकी एक करतो: निमूटपणे सोसतो, किंवा बाजारात जाऊन हजारो रुपये घालवून येतो. या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे, तो सांगण्याचा हा प्रयत्न.

प्रश्न कसा उद्भवला

तीन वर्षांपूर्वी आम्ही मध्यम किमतीची एक नवी गाडी घेतली. आमच्या मातोश्रींचे वय आज सत्त्याऐंशी आहे. दृष्टी मंदावल्यापासून त्यांचे वाचन सुटले. ज्या बाईने साठ वर्षे रोज सकाळी पोथी उघडल्याशिवाय पाणी घेतले नाही, तिला आता ऐकण्याचाच काय तो आधार. वर्षातून दोनदा आम्ही त्यांना कुंभोजच्या बाहुबलीस नेतो. वाटेत नातू फोनवरून प्रवचन लावून देतो. मातोश्री मागच्या आसनावर, डाव्या बाजूस बसतात.

पहिल्याच खेपेस त्या म्हणाल्या, "अरे, काही कळत नाही." आम्ही आवाज वाढविला. पुन्हा म्हणाल्या, पुन्हा वाढविला. शेवटी दारे थरथरू लागली, समोरच्या काचेखाली कसलासा खडखडाट सुरू झाला, आणि मातोश्रींनी कानांवर हात ठेवले. म्हणाल्या, "आवाज येतो रे, पण शब्द येत नाहीत."

पुढे प्रवासात त्यांनी प्रवचन लावण्यास सांगणेच सोडून दिले. खिडकीकडे तोंड करून बसत. हे आम्हांस लागले.

शहरातील एका दुकानात चौकशी केली. त्यांनी पुढील यंत्र बदलणे, चार स्पीकर, एक ॲम्प्लिफायर आणि डिकीत बसणारी ढोलासारखी मोठी पेटी असा बेचाळीस हजारांवरचा मामला सांगितला. व्यापाऱ्याच्या सवयीने आम्ही कलमवार अंदाजपत्रक लिहून घेतले, बेरीज तपासली, ती शेहेचाळीस हजार झाली, आणि कागद खिशात घालून घरी आलो.

आमच्या गल्लीत एक वयोवृद्ध रेडिओ-दुरुस्तीकार राहतात. काचेच्या व्हॉल्व्हच्या रेडिओपासून त्यांचा हात बसलेला. त्यांस सर्वजण मेस्त्री म्हणतात. त्यांनी कागद पाहिला आणि एवढेच म्हणाले, "शेट, तुम्ही वानगी न बघता पोती घेता काय? आधी गाडी दाखवा."

शब्द का हरवतात

गाडी पाहण्यापूर्वी मेस्त्रींनी आम्हांस आवाजाचा पहिला धडा दिला. तो सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

निकोप तरुण कानास सेकंदास २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. या कंपनसंख्येस हर्ट्झ म्हणतात. ढोलकीचा ठेका खालच्या टोकास, झांजेची किणकिण वरच्या टोकास. मनुष्याच्या बोलण्यातील स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, यांचा जोर मुख्यतः खालच्या व मधल्या पट्टीत असतो. परंतु स, श, त, क, फ ही व्यंजने बरीच वर, दोन हजार हर्ट्झच्या पलीकडे, उमटतात. 'स' तर चार हजारांच्याही वर. आवाजाचा भरणा स्वर करतात, आणि अर्थ सांगतात ती व्यंजने.

याचा अनुभव आपणां व्यापाऱ्यांस आहेच. जुन्या टेलिफोनवरून सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच पट्टी जात असे. म्हणून 'साठ पोती' म्हटले की पलीकडे 'आठ पोती' ऐकू येई. 'स' तारेतच गळून जाई. आमचे वडील फोनवर सौदा करताना "साठ, सहावर शून्य" असे दोनदा बजावीत, त्याचे मर्म आम्हांस आज कळले.

वय वाढू लागले की माणसाची श्रवणशक्ती वरच्या टोकाकडून प्रथम कमी होते. म्हणून वृद्ध माणसांस आवाज ऐकू येतो, पण शब्द उमगत नाहीत. त्यात गाडीच्या चाकांची व इंजिनाची घरघर ही खालच्या पट्टीतील. आणि जड, खालचा आवाज हा वरच्या नाजूक आवाजास झाकून टाकतो. अशा वेळी आवाजाचे बटन नुसते फिरविले, किंवा बासचा भरणा वाढविला, तर झाकण अधिकच घट्ट बसते. मातोश्रींच्या एका वाक्यात हे सारे शास्त्र होते.

मेस्त्रींच्याच सांगण्यावरून आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरांकडेही नेले. तपासणीत वरच्या पट्टीची श्रवणशक्ती उतरल्याचे दिसले, एका कानातील साठलेला मळही निघाला. घरात कोणी वडीलधारी माणसे 'ऐकू येत नाही' म्हणत असतील, तर गाडीवर खर्च करण्यापूर्वी कान तपासून घ्यावेत, हे आमचे पहिले सांगणे.

रिकामी जाळी

मग मेस्त्री गाडीत बसले. त्यांनी काय करावे? यंत्रात आवाज पुढे-मागे वाटण्याची जी सोय असते, जिला फेडर म्हणतात, ती त्यांनी पूर्ण मागे नेली. गाडी एकदम मुकी झाली. आमचा नातू म्हणाला, "असेच होते आजोबा, ते बटन बिघडले आहे." मेस्त्रींनी काही न बोलता मागच्या दाराची जाळी अलगद काढली. आत दोन तारांचे तोंड लोंबत होते. स्पीकर नव्हताच.

आम्ही गाडीचे माहितीपत्रक काढून वाचले. आम्ही घेतलेल्या स्वस्त प्रकारात 'पुढील दोन स्पीकर' असे स्वच्छ छापले होते. जाळी मात्र चारही दारांस सारखी. लबाडी कोणाची नव्हती. न वाचण्याचा दोष आमचा. प्रत्येक पोत्यात सळई खुपसून दाणा पाहिल्याशिवाय सौदा न करणारे आम्ही, आणि दोन वर्षे आमच्या मातोश्री एका रिकाम्या जाळीकडे कान लावून बसल्या होत्या. त्या रात्री आम्हांस नीट झोप आली नाही.

वाचकांनी आज घरी गेल्यावर एवढे करावे. फेडर पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे न्यावा. बॅलन्स पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे न्यावा. आणि प्रत्येक दारापाशी कान नेऊन पाहावे. पाच मिनिटांत कोणता स्पीकर आहे, कोणता नाही, कोणता फाटला आहे, हे कळते. खर्च शून्य.

बिनखर्चाचे उपाय

स्टीरिओ ही एक साखळी आहे. मूळ ध्वनिमुद्रण, ते वाजविणारा फोन, पुढील यंत्र, तारा, स्पीकर, दार आणि अखेरीस ऐकणारा कान. साखळीची कमजोर कडी सोडून दुसऱ्या कडीवर कितीही पैसा ओतला तरी तो वाया जातो. म्हणून पहिल्या कडीपासून आरंभ करावा.

१. ध्वनिमुद्रण. मुळातच खडे असलेले धान्य चाळणीने साफ होईल, पण दाणा मोठा होणार नाही. फोनवर साठवलेली गाणी पुष्कळदा जागा वाचविण्यासाठी फार दाबलेली असतात. दर सेकंदास ६४ किंवा ९६ किलोबिटच्या गाण्यापेक्षा २५६ किंवा ३२० किलोबिटचे गाणे पुष्कळ स्वच्छ वाजते. तुलनेसाठी सांगावयाचे तर सीडीवरील मूळ माहिती १,४११ किलोबिटची असते. गाणी सुरू असताना वापरायच्या ॲपमध्येही आवाजाची प्रत निवडण्याची सोय असते; ती उच्च प्रतीवर ठेवावी.

२. फोनची पातळी. ब्लूटूथवरून ऐकताना फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा व कमीजास्त गाडीच्या बटनाने करावे. आमच्याकडे उलटे चालले होते: फोन अर्ध्यावर, गाडीचे यंत्र पुऱ्या जोरात. त्यामुळे यंत्राची स्वतःची सुरसुर वाढून ऐकू येई. शक्य तेथे ब्लूटूथऐवजी तार किंवा पेन ड्राइव्ह वापरून पाहावा, कारण ब्लूटूथमध्ये आवाज बहुधा आणखी एकदा दाबला जातो.

३. पट्ट्यांची मांडणी. बास, मिडल, ट्रेबल अशी बटने बहुतेक यंत्रांत असतात. सारी शून्यावर आणून आरंभ करावा. नियम असा की जे कमी वाटते ते वाढविण्यापेक्षा जे अधिक आहे ते कमी करावे. आम्ही प्रवचनासाठी बास तीन घरे खाली व ट्रेबल केवळ एक घर वर केले. सगळीच बटने वर चढविली की यंत्राची शक्ती लवकर संपते व आवाज फाटतो.

४. खडखडाट. दाराच्या कप्प्यातील नाणी, पाण्याच्या बाटल्या, चष्म्याच्या डब्या, मागचा सैल नंबरप्लेट हे सारे स्पीकरबरोबर वाजत असतात. आमच्या समोरच्या काचेखालचा खडखडाट म्हणजे नातवाच्या दोन गोट्या निघाल्या.

एवढ्यानेच पुढच्या आसनावरील आवाजात फरक पडला. एक पैसाही खर्च झाला नव्हता.

दार हीच पेटी

यापुढील धडा आम्हांस सर्वांत नवा होता. १९२५ साली अमेरिकेत राइस व केलॉग या दोघा संशोधकांनी फिरत्या वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाचे वर्णन प्रसिद्ध केले. आजचे बहुतेक स्पीकर मूळ त्याच तत्त्वावर चालतात. लोहचुंबकात तारेचे वेटोळे, वेटोळ्यास चिकटविलेला शंकूसारखा पडदा. वीज आली की वेटोळे पुढे-मागे होते व पडदा हवा ढकलतो.

आता ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की पडदा पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढची व मागची लाट एकमेकींस मिळाली तर जमा आणि नावे मांडल्यासारखी होऊन शिल्लक शून्य राहते. विशेषतः खालचे आवाज असे नाहीसे होतात. म्हणूनच घरातील स्पीकर बंद लाकडी पेटीत बसवितात. गाडीत पेटी म्हणजे दार. आणि दाराच्या आतील पत्र्यास हात जाईल एवढाली भोके असतात, वर प्लास्टिकचा पातळ कागद. शिवाय बाहेरचा पातळ पत्रा स्वतःच डब्यासारखा वाजतो. अशा फुटक्या पेटीत उत्तम स्पीकर बसविला तरी तो मध्यमच वाजणार, आणि चांगल्या पेटीत मध्यम स्पीकरही उठून दिसतो.

उपाय साधा आहे. ब्युटिल रबराच्या, वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेल्या, सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या चिकट चादरी बाजारात मिळतात. त्या दाराच्या बाहेरील पत्र्यास आतून, मधोमध, विशेषतः स्पीकरच्या मागे दाबून चिकटवाव्यात. सारा पत्रा झाकण्याची गरज नाही. सुमारे पाव भाग झाकला तरी पत्र्याची थरथर बरीच थांबते. मग आतील पत्र्याची मोठी भोके त्याच चादरीने बंद करावीत. डांबरी चादर स्वस्त असते, पण उन्हाळ्यात तिचा वास येतो व ती सुटून खाली येते. तिच्या नादी लागू नये.

सावधगिरी पुढीलप्रमाणे. दाराच्या तळाशी पाणी निचरा होण्याची बारीक छिद्रे असतात, ती बुजवू नयेत. आपल्याकडील पावसात दार आतून गंजेल. काच खाली उतरण्याची वाट, कुलपाच्या दांड्या मोकळ्या ठेवाव्यात. काही गाड्यांच्या दारात अपघाताचा धक्का ओळखणारे दाबमापक बसविलेले असते. आपल्या गाडीत ते आहे काय, हे कंपनीच्या सेवाकेंद्रात विचारल्याशिवाय दार बंदिस्त करू नये. पिवळ्या वेष्टनातील तारा एअरबॅगच्या असतात. त्यांस कोणी हात लावू नये.

स्पीकर निवडताना

स्पीकरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात '३०० वॅट' असे छापलेले असते व गिऱ्हाईक त्या आकड्यास भुलते. तो आकडा म्हणजे पोत्यावरील छाप. आत काय भरले आहे ते निराळेच. गाडीच्या यंत्राचाही असाच प्रकार. त्यावर '५० वॅट, चार' असे लिहितात. आपण हिशेब करू.

गाडी चालू असता विजेचा दाब सुमारे १४.४ व्होल्ट. ज्या यंत्रात दाब वाढविण्याची निराळी व्यवस्था नाही, ते स्पीकरला कळसाच्या क्षणी यापेक्षा अधिक दाब देऊ शकत नाही. त्या कळसाचा प्रत्यक्ष काम करणारा दाब सुमारे १० व्होल्ट. आता दाबाचा वर्ग करून स्पीकरच्या ४ ओहम रोधाने भागावे: १० गुणिले १० म्हणजे १००, भागिले ४ म्हणजे २५ वॅट. यंत्रातील घट वजा जाता स्वच्छ आवाजाचे हाती पडतात १८ ते २० वॅट. मग ३०० वॅटच्या स्पीकरचे आपणांस काय करावयाचे?

खोक्यावर बारीक अक्षरात दुसरा एक आकडा असतो, तो खरा पाहावयाचा. त्यास संवेदनक्षमता म्हणतात. एक वॅट दिला असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज होतो, हे तो सांगतो. ८९ डेसिबलचा एक व ९२ डेसिबलचा दुसरा, असे दोन स्पीकर असले तर दिसावयास फरक तीनच; पण दर ३ डेसिबलला लागणारी शक्ती दुप्पट होते. म्हणजे ९२ चा स्पीकर १० वॅटमध्ये जेवढा वाजेल, तेवढे वाजावयास ८९ च्या स्पीकरला २० वॅट लागतील. ज्यास मूळचेच यंत्र ठेवावयाचे आहे त्याने संवेदनक्षमता अधिक असलेला स्पीकर घ्यावा. ॲम्प्लिफायरचा अर्धा खर्च तेथेच वाचतो. मात्र मोजण्याची रीत दोघांची एकच आहे, एक वॅट व एक मीटर, हे पाहून घ्यावे.

रोध ४ ओहम असावा. २ ओहमचा स्पीकर मूळच्या यंत्रास जोडला तर यंत्र तापून बिघडण्याचा संभव असतो. घेण्यापूर्वी व्यास व खोली मोजावी, आणि खोली मोजताना काच पूर्ण खाली घ्यावी; नाही तर काच उतरताना चुंबकावर आदळते. पडदा कागदाचा आहे म्हणून नाक मुरडू नये. कागद हलका व ताठ असतो, आणि कित्येक उत्तम स्पीकरांत तोच वापरतात. दोष असतो तो लहान चुंबकाचा व हलक्या बांधणीचा.

उंच पट्टीचे आवाज सरळ रेषेत जातात व कपड्याच्या आसनात शोषले जातात. दाराच्या तळाशी, गुडघ्याजवळ वाजणारी व्यंजने कानापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून पुढे आम्ही ट्विटर, म्हणजे उंच आवाजाचा लहान स्पीकर, सुटा असलेली जोडी घेतली व ट्विटर आरशाजवळच्या कोपऱ्यात बसविले. मागे एकाच चौकटीत दोन्ही असलेली जोडी घेतली. तिचा ट्विटर थोडा वळविता येतो, तो मातोश्रींच्या कानाच्या रोखाने वर वळविला.

तार कापू नये. गाडीच्या मूळच्या तोंडाशी जुळणारे कपलर मिळतात, ते मध्ये घालावेत. कापलेल्या तारेमुळे विजेच्या बिघाडाची हमी कंपनी नाकारू शकते.

एक चूक आमच्याकडेही झाली, ती सांगतो. काम करणाऱ्या मुलाने मागच्या एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या. एक पडदा पुढे जाई तेव्हा दुसरा मागे. आवाज मोठा, पण पोकळ. मेस्त्रींनी ट्विटर वेगळा ठेवून मोठ्या स्पीकरच्या तारांस दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकविला. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकास लावले असता पडदा बाहेर आला पाहिजे. एक आत गेला. तारा फिरविल्या आणि आवाजास अंग आले. ही परीक्षा ट्विटरवर मात्र करू नये. तो नाजूक असतो.

ॲम्प्लिफायर केव्हा

वरील सर्व केल्यावरही ज्यास महामार्गावर मोठ्या आवाजात संगीत ऐकावयाचे आहे, त्याने ॲम्प्लिफायरचा विचार करावा, तोवर नाही. कानास आवाज दुप्पट वाटावा, म्हणजे सुमारे १० डेसिबल वाढावा, तर शक्ती दहापट लागते. एवढ्यासाठी वीस वॅटचे चाळीस केले तर फरक जाणवेल, पण डोळे दिपणार नाहीत.

घ्यावयाचाच झाल्यास एक गोष्ट प्राणासमान जपावी. बॅटरीपासून निघणाऱ्या तारेवर बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. नाही तर तार कोठे घासून उघडी पडल्यास गाडीस आग लागू शकते. तार अस्सल तांब्याची घ्यावी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार सर्रास मिळते. ॲल्युमिनियमची वीज वाहण्याची शक्ती तांब्याच्या सुमारे साठ टक्के. भेसळ कोणत्याही मालात असो, ती वजनात आणि टोकावर दिसते. तारेचे टोक खरवडून पाहावे.

डिकीतील मोठ्या पेटीविषयी आमचे मत विचाराल, तर डिकीत आमच्या वानगीच्या पिशव्या असतात. ज्यास हौस आहे त्याने अवश्य घ्यावी.

जमाखर्च

पुढील स्पीकरांची जोडी ३,२०० रुपये, मागील जोडी २,४००, चार दारांच्या चादरी २,६००, बसविण्याच्या कड्या व कपलर ९००, मजुरी १,५००. एकूण १०,६०० रुपये. मेस्त्रींनी शिकवणीचे काही घेतले नाही. त्यांच्या घरी आम्ही नव्या गव्हाचे एक पोते पाठविले.

ज्यास एवढेही करावयाचे नसेल, त्याने क्रम तेवढा पाळावा. प्रथम बिनखर्चाची तपासणी व मांडणी. मग पुढील दोन दारांच्या चादरी. मग पुढील दोन स्पीकर. मग मागील. ॲम्प्लिफायर सर्वांच्या शेवटी. दुकानदार हा क्रम उलटा सांगतो, कारण नफा उलट्या क्रमाने आहे. यात त्याचा राग धरण्याचे कारण नाही. आपणही दुकानदारच आहोत. परंतु गिऱ्हाईकाने आपली गरज आपणच ओळखावी.

आणखी एक धोक्याची सूचना. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तासांपर्यंत कान सोसू शकतो, असा तज्ज्ञांचा साधारण दंडक आहे; आणि दर ३ डेसिबल वाढीस तो वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. तरुण मुलांनी हा हिशेब गाडीच्या काचेवर चिकटवून ठेवावा. या पेढीवर एकदा गेलेले मुद्दल परत मिळत नाही.

उपसंहार

काम पुरे झाल्यावर गेल्या कार्तिकात आम्ही पुन्हा बाहुबलीस निघालो. मातोश्रींस यातले काही सांगितले नव्हते. निपाणी मागे पडल्यावर नातवाने प्रवचन लावले. पूर्वी आमच्या यंत्रावर आवाजाचा आकडा अठ्ठावीस असे. त्या दिवशी तो अठरावर होता. काही वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. आम्ही आरशातून पाहिले, तर त्या खिडकीकडचे तोंड फिरवून सरळ बसल्या होत्या व ओठ हलत होते. वक्त्यांच्या मागोमाग त्या गाथा म्हणत होत्या.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "अरे, जरा बारीक कर. एवढ्या मोठ्याने कशाला?"

नातवाने आकडा चौदावर आणला.

व्यापारी बंधूंनी आपापल्या गाडीच्या मागील जाळीत एकदा डोकावून पाहावे, एवढी विनंती करून हा लांबलेला लेख पुरा करतो. लेखात काही उणे राहिले असल्यास जाणकारांनी दुरुस्त करून घ्यावे. आणि ज्यांस प्रत्यक्ष ऐकून खात्री करावयाची असेल, त्यांच्यासाठी आमची गाडी दुपारी लिलाव आटोपल्यावर यार्डातील आमच्या गाळ्यापुढे उभी असते.